स्पेअर स्पिंडलचे पैसे बाजूला काढा, मग मशीन बघा



मागच्या तीन-चार व्हिडिओंवर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे: "सर, कुठलं सीएनसी राउटर घेऊ?" कोणाचं बजेट दीड लाख, कोणाचं तीन. कोणाला नेमप्लेट करायच्या आहेत, कोणाला मखर, कोणाला होमस्टेचे बोर्ड. मी हल्ली उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारतो आणि त्यावर बरेच जण गप्प होतात. त्या मशीनचा स्पिंडल उद्या सकाळी गेला, तर दुसरा कुठून आणणार? किती दिवसांत? आणि बसवणार कोण?

ज्यांनी अजून मशीन जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छोट्या मिलिंग मशीनमध्ये किंवा राउटरमध्ये कापणारा बिट ज्या गोल मोटरच्या तोंडात बसतो, ती मोटर म्हणजे स्पिंडल. बाकी मशीन त्याला इकडून तिकडे फिरवतं, एवढंच. टेबल, गाइड, स्क्रू ही मंडळी वर्षानुवर्षं टिकतात. स्पिंडल मात्र मिनिटाला बारा, अठरा, चोवीस हजार फेरे मारतो, लाकडाचा भुसा खातो आणि आपल्याकडे तर वर खारा वाराही खातो. तो कधीतरी जाणारच. माझं म्हणणं असं की हा खर्च मशीन घेतानाच धरायला हवा. माझा स्पिंडल गेला तेव्हा तो धरलेला नव्हता, त्याचा हिशोब आज उघड मांडतो.

भरडावर माझं छोटं दुकान आहे. पुढे गिफ्ट आणि नेमप्लेट, मागच्या पडवीत ६०० बाय ९०० मिमीच्या टेबलाचं राउटर. उन्हाळ्यात तारकर्ली-देवबागच्या होमस्टेचे बोर्ड आणि पर्यटकांसाठी किल्ल्याच्या प्रतिकृती. पावसाळ्यात गणपतीचे मखर. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफ आणि प्लायच्या मखरांना मागणी आहे, आणि माझ्या वर्षाच्या कमाईतला मोठा तुकडा त्या दीड महिन्यात येतो.

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरची होती. माझ्या वहीत ४० मखर होते, प्रत्येकाकडून हजार रुपये आगाऊ घेतलेले. ९ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, १२ कापून झाले होते. तेरावा लावला आणि मागच्या पडवीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आमच्या शेजारी एक जुने टर्नर राहतात, आयुष्य लेथवर गेलेलं. ते चहा पित बसले होते. म्हणाले, "झिला, आवाज बदललो हा. बेअरिंग गेला असतला." मी म्हटलं, मेस्त्रीनू, एवढा एक होऊ दे. तेरावा अर्ध्यावर असताना बिट थरथरला, कड जळाली आणि स्पिंडलला हात लावला तर चटका बसला.

गेला का गेला, ते नंतर उघडल्यावर कळलं. चूक माझीच होती, आणि तीही दुहेरी. एक म्हणजे पाण्याची टाकी. माझा स्पिंडल पाण्याने थंड होणारा. टाकीत मी विहिरीचं पाणी भरायचो, आत हिरवं शेवाळ धरलेलं आणि पाइपातून पाणी जेमतेम थेंबथेंब. दुसरं म्हणजे रोज संध्याकाळी कंप्रेसरने मशीन साफ करताना मी नळी थेट स्पिंडलच्या तोंडाकडे वरच्या दिशेला धरायचो. स्वच्छ दिसायचं छान. पण हवेबरोबर एमडीएफची बारीक धूळ खालच्या बेअरिंगमध्ये शिरत होती. पावसातल्या दमट हवेत त्या धुळीचा लगदा होतो आणि ग्रीस संपतं. तुमच्याकडे कंप्रेसर असेल तर आजपासून खालच्या तोंडावर हवा मारणं बंद करा. ब्रश आणि व्हॅक्युम वापरा.

मग मी मोबाइल उघडला. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे "स्पिंडल आणि व्हीएफडी, पूर्ण किट" १९,००० ला होता. व्हीएफडी म्हणजे स्पिंडलला वीज पुरवणारा आणि त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह. माझा जुना व्हीएफडी ठणठणीत होता. पण विक्रेता फोनवर म्हणाला, जोडी एकत्रच घ्या, मॅचिंग असते. आठ दिवसांत येईल म्हणाला. पार्सल आलं २२ ऑगस्टला, म्हणजे तेराव्या दिवशी. मधे नारळी पौर्णिमा झाली, बंदरावर सगळं गाव होतं, मी मात्र कुरिअरच्या ट्रॅकिंगकडे बघत बसलेलो.

२३ तारखेला मी स्वतः बसवला. क्लॅम्पमध्ये नीट बसला, पाणी सुरू केलं, नव्या व्हीएफडीला वायर जोडल्या, बटण दाबलं. फिरला. जरा संथ फिरत होता, गुरगुरत होता. मला वाटलं नवीन आहे, रवाळ व्हायला वेळ लागेल. दहा-बारा मिनिटांनी वार्निश जळल्याचा वास आला. वाइंडिंग जळालं होतं.

आता हे नीट वाचा, कारण ही चूक तुम्ही केलीत तर तुमचेही पैसे जातील. बाजारातला साधा व्हीएफडी कारखान्यातून येतो तो आपल्या पंपाच्या किंवा गिरणीच्या मोटरला धरून, म्हणजे ५० हर्ट्‌झला पूर्ण २२० व्होल्ट. आपला स्पिंडल वेगळ्या जातीचा असतो. त्याला २२० व्होल्ट हवेत ते ४०० हर्ट्‌झला. दोन पोलच्या मोटरचा वेग काढायला हर्ट्‌झला ६० ने गुणायचं: ४०० गुणिले ६०, चोवीस हजार. त्याच मोटरला ५० हर्ट्‌झवर पूर्ण व्होल्टेज दिलं तर ती तीन हजारानेच फिरते आणि करंट मात्र भरमसाट ओढते. वरून पाणी फिरत असलं तरी आतली तार जळते. व्हीएफडीच्या पुस्तिकेत बेस फ्रिक्वेन्सी, कमाल फ्रिक्वेन्सी, मोटरचं व्होल्टेज, रेटेड करंट आणि पोल या जागा शोधायच्या आणि स्पिंडलवरच्या लेबलाप्रमाणे भरायच्या. पहिलं बटण त्यानंतर. माझ्या जुन्या व्हीएफडीत हे सगळं भरलेलं होतं. तो चालू स्थितीतला ड्राइव्ह मी माझ्या हाताने काढून बाजूला ठेवला होता.

विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. त्या बाबतीत मी त्याला दोष देत नाही, जाळला मीच होता. पण किट म्हणून विकताना आत एक कागद टाकायला काय हरकत होती, हे मात्र मला अजून वाटतं.

मेस्त्रींना सांगायला गेलो तर ते हसले नाहीत. म्हणाले, "गणपती तुझ्यासाठी थांबूचो नाय. कोल्हापुराक जा." २४ तारखेला शनिवारी पहाटेच्या एसटीने निघालो, जळका स्पिंडल पिशवीत. करूळ घाट त्या वर्षी कामासाठी बंद होता, म्हणून फोंडा घाटातून राधानगरीमार्गे. स्टँडवरून रिक्षाने शिवाजी उद्यमनगर. ज्यांनी उद्यमनगर बघितलेलं नाही त्यांनी एकदा नुसतं फिरायला जावं. एका गल्लीत लेथ, पुढच्या गल्लीत ग्राइंडिंग, मध्येच बेअरिंगवाले, आणि कोणीही "नाही" म्हणताना "पण त्या कोपऱ्यावर विचारा" असं म्हणतं. तिसऱ्या ठिकाणी मिळाला. अंगाचा व्यास तोच ८० मिमी, ताकद तीच दीड किलोवॅट, पण माझ्या जुन्याचं कॉलेट ईआर ११ होतं आणि याचं ईआर १६. म्हणजे माझ्याकडची सगळी कॉलेटं वाया. दोन नवीन कॉलेटं धरून १७,५०० दिले. रविवारी बसवला, जुना व्हीएफडी परत लावला, आणि २६ ला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मशीन चालू झालं. मधले १७ दिवस बंद.

आता वही उघडतो. उरलेल्या २८ पैकी १० जणांना आगाऊ रक्कम परत केली. एका मखरात खर्च वजा जाता मला २,३०० सुटतात, म्हणजे २३,००० गेले. ८ मखर कुडाळला एका कटिंगवाल्याकडून करून घेतले, प्रत्येकी १,५०० त्याला दिले, ते १२,०००. उरलेले १० मी रात्री जागून पूर्ण केले. पहिला किट १९,०००, दुसरा स्पिंडल १७,५००. प्रवास, रिक्षा आणि उद्यमनगरातच घेतलेलं डायल गेज मिळून २,२००. बेरीज ७३,७००. कपाटात एक स्पेअर स्पिंडल आधीपासून पडलेला असता तर मला लागले असते चौदा-पंधरा हजार आणि एक दुपार. त्या दहा घरांनी पुढच्या वर्षी दुसरीकडे ऑर्डर दिली असेल तर ते या बेरजेत नाहीच.

मी बीबीए केलेला माणूस. कॉलेजात आम्हाला टोयोटाचं उदाहरण देऊन 'जस्ट इन टाइम' शिकवलं. माल साठवू नका, पैसा अडकवू नका, लागेल तेव्हा मागवा. माझ्या ट्रेनिंगमध्ये मीसुद्धा दुकानाच्या मालाबद्दल हेच सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण ज्या कारखान्यासाठी ते बसवलं गेलं त्याचे पुरवठादार आजूबाजूलाच होते. आपला पुरवठादार घाटापलीकडे आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो घाटसुद्धा भरवशाचा नाही. जोडीला वीज जाते, कुरिअरची गाडी कणकवलीत अडकते. पुण्यात भोसरीला वर्कशॉप असणाऱ्याने स्पेअर ठेवू नये, मला मान्य आहे. मालवणात बसून त्याची नक्कल करू नका.

आणि हे आपल्याला कोणा पुस्तकाने शिकवायला नको. बंदरावर जाऊन बघा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, त्याच्या आधीच ट्रॉलरवाल्याकडे जादा पंखा, फिल्टर, पट्टे तयार असतात. स्कूबावाल्याकडे एक रेग्युलेटर जास्तीचा असतो. भर समुद्रात दुकान नाही हे त्यांना माहीत आहे. आपण शिकलेले लोक मात्र मशीनच्या कोटेशनमध्ये स्टॅबिलायझर धरतो, सॉफ्टवेअर धरतो, उद्घाटनाचे पेढे धरतो, स्पेअर धरत नाही.

"चौदा हजार कपाटात कुजवायचे का?" असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. हिशोब तुमचा तुम्ही करा. हंगामात तुमचं मशीन दिवसाला किती सुटवून देतं? माझं साधारण दोन हजार. म्हणजे सात दिवस बंद पडलं की स्पेअरचे पैसे गेले. तुमचं मशीन आठवड्यातून दोन तासच चालत असेल तर स्पेअर घेऊ नका, ते पैसे मार्केटिंगला लावा. मधला मार्गही आहे. मी आणि कुडाळचा एक सायनेजवाला, दोघांची मशीनं ८० मिमीची. आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून एक स्पेअर ठेवला आहे. अट एकच: ज्याने वापरला त्याने महिन्याच्या आत नवा आणून ठेवायचा. दोघांचेही एकाच आठवड्यात गेले तर काय, हा प्रश्न आहेच. त्यावर आम्ही अजून भांडलेलो नाही.

मुद्रा किंवा पीएमईजीपीमधून कर्ज घेऊन सुरू करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की मशीनच्या कोटेशनमध्येच विक्रेत्याकडून एक जादा स्पिंडल आणि कॉलेटचा संच लिहून घ्या आणि बँकेत तसं बोला. मशीन बसल्यावर, पहिले हप्ते सुरू झाल्यावर, स्वतःच्या खिशातून चौदा हजार काढणं किती जड जातं ते मला माहीत आहे.

आता मशीन निवडताना काय बघायचं. माझं मत स्पष्ट आहे: स्पिंडल साध्या गोल अंगाचा आणि चालू मापाचा असला पाहिजे. ८० मिमी किंवा ६५ मिमी. छोट्या हॉबी मशीनवर ५२ मिमीचेही येतात, ५०० वॉटच्या आसपासचे. गोल क्लॅम्प असला की कोणत्याही बनावटीचा स्पिंडल त्यात बसतो. काही मशीनवाले स्वतःच्या खास आकाराचा, खास फ्लँजचा स्पिंडल देतात. दिसायला सुंदर असतो, पण त्या कंपनीने फोन उचलला नाही तर तुमचं मशीन म्हणजे एक जड टेबल.

नुसतं लाकूड आणि एमडीएफ कापायचं असेल आणि धंद्याचं पहिलंच वर्ष असेल तर मी आणखी पुढे जाऊन सांगतो की स्पिंडलच घेऊ नका. ६५ मिमीच्या क्लॅम्पमध्ये सुतारांचा ट्रिम राउटर लावा. मकिटाचा आरटी ०७०० याच मापाचा आहे, मिनिटाला दहा ते तीस हजार फेरे. दुसऱ्या कंपनीचा घेणार असाल तर दुकानात व्हर्नियर लावून माप बघा, सगळे सारखे नसतात. याला व्हीएफडी नको, पाणी नको. कार्बन ब्रश झिजतात, ते बदलता येतात. आवाज मात्र कानाला त्रास देतो, दुपारी शेजारी झोपले असतील तर शिव्या खाल, आणि सलग आठ तासांचं काम त्याच्याकडून होत नाही. पण गेला तर जवळच्या शहरातलं हत्यारांचं दुकान गाठलं की काम होतं. ज्यांच्याकडे धातूचं छोटं मिलिंग मशीन आहे त्यांचा विषय वेगळा. तिथे मोटर बाजूला असते, स्पिंडलचा दांडा सहसा जात नाही, बेअरिंग जातात. दांडाच बदलायचा असेल तर आतला टेपर एमटी २ आहे, एमटी ३ आहे की आर ८, आणि वरून येणाऱ्या ड्रॉबारचे आटे कोणते, एवढं मोजल्याशिवाय फोनसुद्धा करू नका.

स्पिंडल मागवायच्या आधी मी आता एका कागदावर सात गोष्टी लिहितो: अंगाचा व्यास, लांबी, कॉलेट, किलोवॅट, व्होल्टेज, हर्ट्‌झ, आणि पाणी की हवा. कॉलेटकडे विशेष बघा. ईआर ११ मध्ये ७ मिमीपर्यंतचा दांडा बसतो, ईआर १६ मध्ये १० पर्यंत, ईआर २० मध्ये १३ पर्यंत. लेबल पुसलेलं असेल तर व्हर्नियरने मोजा, अंदाजाने सांगू नका. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: माल आत्ता तुमच्या गोदामात आहे का, की बाहेरून येणार आहे? "येतोच आहे" हे उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. शक्य असेल तिथे हातात घेऊन बघता येईल अशा ठिकाणाहून घ्या. आपल्याला कोल्हापूरचं उद्यमनगर आणि बेळगावची उद्यमबाग जवळ, लांब म्हटलं तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. हजार-दोन हजार जास्त पडतील. पण हाताने फिरवून बघता येतं आणि पक्कं बिल मिळतं. जीएसटी नोंदणी असेल तर ते बिल उपयोगी पडतंच.

"सर, नवा कशाला, नुसते बेअरिंग बदलून आणतो" असं म्हणणारे भेटतात. बदलता येतात, आणि चांगला कारागीर असेल तर उत्तम होतं. पण या स्पिंडलमध्ये अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी असते, त्यांचे नंबर बहुतेक ७ ने सुरू होतात. त्या जागी पंपाचं साधं ६ नंबरचं बेअरिंग ठोकून बसवलं तर चोवीस हजारांवर टिकणार नाही. दिशा उलटी बसली, दाब कमी-जास्त झाला, तरी तेच. म्हणून माझा क्रम असा: आधी स्पेअर लावून धंदा चालू करा, मग जुना सावकाश दुरुस्तीला द्या. ऑर्डर डोक्यावर असताना कारागिराच्या मागे उभं राहिलात की तोही घाई करतो.

बसवण्याचं काम मी व्हिडिओत दाखवलं आहे, तरी जिथे लोक चुकतात ते लिहितो. मेन बंद केल्यावर व्हीएफडीला लगेच हात लावू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, किमान दहा मिनिटं थांबा. जुना काढायच्या आधी तो क्लॅम्पमध्ये किती वर-खाली होता ती खूण करून घ्या. नवा आधी हाताने फिरवा, खरखर जाणवली तर तिथेच परत. मग मल्टिमीटर. तीन पिनांपैकी कोणत्याही दोनमध्ये रेझिस्टन्स जवळपास सारखा यायला हवा, आणि त्यांपैकी कोणत्याही पिनेपासून अंगापर्यंत काही लागता कामा नये. चौथी पिन अर्थिंगची. स्वस्त स्पिंडलमध्ये कित्येकदा ही पिन आत कशालाच जोडलेली नसते. ते तपासा, नसेल तर अंगाला वेगळी अर्थिंगची वायर काढा. हे पाणी खेळणारं यंत्र आहे, यात कंटाळा नको. आणि आपल्या जांभ्या दगडावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची सवय ठेवा.

क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. खच्चून आवळू नका. आमच्याकडे "अजून एक पीळ" ही वाईट सवय आहे. जास्त दाबला की अंग दबतं आणि बेअरिंगवर ताण येतो, नवा स्पिंडल गरम व्हायला लागतो आणि आपण विक्रेत्याला दोष देतो. हाताने हलत नाही, घसरत नाही, इतपत पुरे.

त्यानंतर सरळपणा. डायल गेज कॉलेटमध्ये आडव्या दांड्यावर धरा आणि स्पिंडल हाताने फिरवत टेबलावर चार बाजूंना आकडा बघा. एका बाजूला जास्त आला तर क्लॅम्पच्या मागे पत्र्याची पट्टी सरकवा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, माझ्या मशीनमागे आजही त्याच्याच दोन पट्ट्या आहेत. हे केलं नाही तर मशीन चालेल, पण मोठ्या पृष्ठभागावर बिटाच्या फेऱ्यांच्या पायऱ्या दिसतील आणि सँडपेपर घासून हात दुखतील. कॉलेट बसवताना ते आधी नटमध्ये 'टक' आवाज येईपर्यंत दाबायचं, मग नट स्पिंडलवर. कॉलेट आधी आत टाकून वरून नट फिरवणारे बिटाला दोष देतात, चूक त्यांची असते.

व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मध्ये कुठलाही स्विच लावू नका. वरून पाहिल्यावर स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरला तर मेन बंद करून, तेवढंच थांबून, तीनपैकी कुठल्याही दोन वायरी आपसात बदला. पहिल्या दिवशी लगेच कामाला जुंपू नका. सहा हजारावर पंधरा मिनिटं, मग नऊ, मग बारा, असं चढवत जा आणि मधून मधून अंगाला हात लावून बघा. विहिरीचं पाणी टाकीत नको. डिस्टिल्ड वॉटर किंवा कूलंट भरा, झाकण लावा, आणि परतीच्या पाइपातून धार पडते का हे सकाळी बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

आमचा सामायिक स्पेअर सध्या माझ्याकडे आहे. तेलाच्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला आहे, कारण नुसता कपाटात ठेवला तर एका पावसाळ्यात त्याच्या तोंडाला तांब धरते. दर एक तारखेला काढून हाताने चार फेरे फिरवतो. डब्यावर सातही मापं आणि व्हीएफडीत भरायचे आकडे लिहिलेले आहेत. मी गावाला गेलो असलो तरी दुकानातल्या मुलाला बसवता यावा म्हणून.

नागपंचमीला गेलेला तो पहिला स्पिंडल मी टाकलेला नाही. त्याचं वाइंडिंग शाबूत आहे. पुढच्या आठवड्यात तो घेऊन कोल्हापूरला जातोय, नवे बेअरिंग बसवायला. किती पैसे लागले आणि किती तास चालला ते व्हिडिओत दाखवीन. नाही चालला तरी दाखवीन.